गट्टूखालचं अंगण

मागच्या दिवाळीत अमरावतीला घरी गेलो, तर अंगण नव्हतं. फाटकापासून पायरीपर्यंत लाल-राखाडी गट्टू बसवलेले, आणि मधल्या निंबाच्या बुंध्याला अगदी चिकटून सिमेंटचा गोल ओटा. बाबा खुशीत होते. म्हणाले, "आता पाहाचं काम नाही. मेंटेनन्स फ्री."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. 'मेंटेनन्स फ्री' म्हटलं की मला शंका येते. आमच्या धंद्यात ज्याला देखभाल लागत नाही असं सांगतात, त्याची देखभाल दुसरं कुणीतरी करत असतं, नाहीतर त्याचं बिल नंतर येणार असतं. आमच्या अंगणाचं बिल एप्रिलमध्ये आलं.

त्या महिन्यात मी दोन आठवडे घरून काम करत होतो. दुपारी अनवाणी फाटकापर्यंत जाता येत नव्हतं, हे एक वेळ ठीक. पण रात्री दहा वाजताही पायरीवर बसवत नव्हतं. दिवसभर प्यालेलं ऊन गट्टू रात्रभर ओकत होते. मी लहान असताना याच जागी संध्याकाळी पाणी मारलं की तासाभरात बाजा टाकून झोपता यायचं. त्यात जादू काहीच नाही. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. माती ते पाणी धरून ठेवते आणि सावकाश सोडते. गट्टूवर मारलेलं पाणी पाच मिनिटांत वाळतं किंवा नालीत जातं. आता आमच्याकडे दोन कूलर रात्रभर चालतात, आणि त्यांनाही पाणी लागतंच.

पाण्याचाच हिशोब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. अकोला-अमरावतीकडे वर्षाला साधारण साडेसातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमचं अंगण पाचशे चौरस फूट, म्हणजे 46 चौरस मीटर. तेवढ्या जागेवर वर्षाला जवळपास 35 हजार लिटर पाणी पडतं. पाच हजार लिटरचे सात टँकर! आम्ही पैसे देऊन त्यावर झाकण बसवलं. अमरावतीला अप्पर वर्धा धरणातून पाणी येतं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णेतून. माझं आजोळ अकोल्याचं. तिथे उन्हाळ्यात नळ काही दिवसांआड येतो, त्यामुळे टँकर हा शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि त्याच गल्लीत पहिल्या मोठ्या पावसात नाली रस्त्यावर येते, कारण प्रत्येक घर आपलं सगळं पाणी एकाच वेळी बाहेर ढकलतं.

काळ्या मातीत पाणी मुरत नाही, मग काय फरक पडतो, असं बाबांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिला पाऊस त्या भेगांतून खाली जातो, मग माती फुगते आणि भेगा मिटतात. म्हणूनच शोषखड्डा काळ्या थरातून खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. आणि हीच फुगणारी-आकसणारी माती गट्टूंनाही सोडत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत ते वर-खाली होतात, फटींत गवत उगवतं. म्हणजे ज्या मातीमुळे आपण गट्टू बसवले, तीच माती ते उखडते. पाच वर्षांची शांतता वगैरे ठेकेदाराच्या तोंडी ठीक आहे.

निंबाची गोष्ट वेगळी. आपल्याकडे शहरांत झाड तोडायला 1975 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. गळा आवळायला कुणी परवानगी मागत नाही. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मुळांना हवा लागते, पाणी लागतं, एवढी साधी गोष्ट लवादाला सांगावी लागली. आणि शासनाच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत पाऊसपाणी जिरवण्याची सक्ती आहे ती 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना. आपले दीड हजार फुटांचे प्लॉट तिच्या बाहेर. म्हणजे आपलं अंगण कुणी वाचवणार नाही.

हे सगळं मी आईला तावातावाने सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तुले अंगनाची लय आठवन येते ना? मंग मले सांग, तीस वर्षं ते झाडलं कोन? सडा टाकला कोन? निंबाचा पाला काय तुह्या लॅपटॉपनं उचलला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गट्टू बाबांनी बसवले, पण मागितले आईने. फेब्रुवारी-मार्चमध्ये निंब सगळा पाला टाकतो, मग फुलोरा, मग जूनपासून निंबोळ्या. ते सगळं तिने वाकून, गुडघे दुखत असताना, रोज पहाटे उचललं. आम्ही दोघं पुरुष त्याच अंगणात खुर्ची टाकून चहा प्यायलो. आता मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून सारवलेल्या अंगणाचे फोटो लाइक करतो. सारवलेल्या अंगणावर जीव टाकणारे बहुतेक लोक ते कधी न सारवलेले असतात.

म्हणून माझं भांडण गट्टूंशी आहे त्याहून जास्त आपल्याशी, म्हणजे घरातल्या बाप्यांशी आहे. आपल्या जिल्ह्यात, शेंडगावात, गाडगेबाबा जन्मले. त्यांनी खराटा हातात घेऊन गावंच्या गावं झाडली. त्यांच्या नावाचं विद्यापीठ अमरावतीत आहे. पण खराटा धरलेला पुरुष आपल्याला पुतळ्यात दिसतो, अंगणात नाही. काम वाटून घ्यायची लाज वाटली म्हणून आपण अंगणच पुरून टाकलं आणि त्याला सोय म्हणालो.

काम खरंच किती आहे? होळीच्या आसपास निंबाचा पाला गोळा करायचा आणि जाळायचा नाही. कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकायचा. उरलेला वैशाखात झाडांच्या बुडाशी पसरायचा, म्हणजे ओल टिकते. मृगाच्या आधी नाली आणि शोषखड्डा साफ करायचा. पावसाळ्यात गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं, डबक्यांत डास होऊ द्यायचे नाहीत. निंबोळ्या फेकायच्या नाहीत; त्यांच्या पाच टक्के अर्काची फवारणी कपाशीवर करतात, कुणाच्या तरी वावरात त्या लागतात. दिवाळीच्या आधी मुरूम टाकून जागा सारखी करायची. रोजची दहा मिनिटं आणि वर्षातले पाच-सहा रविवार. सारवण जमत नसेल तर नका करू. चालायला फरशीची एक वाट ठेवा, गाडीपुरते गट्टू ठेवा. बाकी माती उघडी राहू द्या.

मे महिन्यात मी सुट्टी टाकून परत गेलो आणि निंबाभोवतीचा ओटा फोडला. पहिल्या दिवशी बाबा बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांनी छिन्नी मागितली. फाटकाजवळचे गट्टू त्यांनी काढू दिले नाहीत. गाडी तिथेच राहते. आईने एकच अट घातली: पाला ती उचलणार नाही. फडा आता बाबांकडे आहे, आणि मी घरी असलो की माझ्याकडे. बाबा निंबाच्या उलट्या बाजूला अजून नीट झाडत नाहीत. आई बघते आणि गप्प बसते.

तुमच्याही घरी या दिवाळीत ठेकेदार येईल, सॅम्पलचे गट्टू मांडून दाखवेल. त्याला होय म्हणायच्या आधी घरात विचारा, आजवर हे अंगण झाडत कोण होतं. उत्तर ऐकून लाज वाटली तर गट्टू नका घेऊ, खराटा घ्या.