ड्रॅक्युलाची भीती नेमकी कुणाची? बॅलेने दिलेलं उत्तर

हॅलोविन जवळ आला की युरोप-अमेरिकेतल्या अनेक बॅले कंपन्या 'ड्रॅक्युला' मंचावर आणतात. काळा झगा, फिकट चेहरा, सरदारी थाट. पण लोककथेतला व्हॅम्पायर असा नव्हताच.

मग तो कसा होता?

1725 मध्ये सर्बियातल्या किसिल्येवो गावात आठ दिवसांत नऊ जण दगावले. संशय गेला काही आठवड्यांपूर्वी वारलेल्या पेटार ब्लागोयेविच या गावकऱ्यावर. त्याची कबर उकरून प्रेताच्या छातीत खुंट ठोकला, मग ते जाळलं. कुजताना प्रेत फुगतं, तोंडातून रक्तासारखा द्रव येतो. गावाला तोच पुरावा वाटला.

म्हणजे तेव्हा भीती गावातल्याच माणसाची होती. ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 च्या कादंबरीत ती परक्याची झाली: पूर्व युरोपातून लंडनला येणारा सरदार.

बॅलेने काय केलं?

1998 मध्ये मार्क गॉडन यांनी कॅनडाच्या रॉयल विनिपेग बॅलेसाठी ही कथा नृत्यात बसवली. 2002 मध्ये गाय मॅडिन यांनी त्यावर मूकपटाच्या शैलीत सिनेमा केला. ड्रॅक्युलाच्या भूमिकेत होते चिनी वंशाचे नर्तक झांग वेई-चियांग. सिनेमाची सुरुवातच पूर्वेकडून येणाऱ्या स्थलांतरितांच्या धास्तीने होते. त्यामुळे ड्रॅक्युलाइतकेच त्याच्यामागे लागलेले 'सभ्य' पुरुषही भीतीदायक वाटू लागतात.

स्थलांतरितांवरून आज अनेक देशांत निवडणुका तापतात. म्हणूनच ही कथा जुनी होत नाही. संकटाचं कारण कळेनासं झालं की लोक कारण सोडून माणूस शोधू लागतात.