विश्लेषण : वादळ कोकणात, पण ग्राउंड पारनेरचं बंद! पावसाच्या आठवड्यात भरतीचा सराव कसा टिकवायचा?

कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की पारनेर तालुक्यात आधी शेतातल्या कांद्यावर ताडपत्री पडते. मग घरात दुसरा प्रश्न निघतो. पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी विचारतात, ‘आज ग्राउंडला जायचं की नाही?’

बहुतेक जण जातात. ‘एक आठवडा बुडाला तर सोळाशेचं टायमिंग गेलं,’ ही भीती त्यांच्या मनात असते. ही भीती अनाठायी आहे आणि विजांच्या दिवसांत ती जिवावर बेतू शकते, असं माझं स्पष्ट मत आहे.

किनारा लांब, मग पारनेरला त्रास कसा?

पारनेर पर्जन्यछायेतला तालुका. समुद्रापासून हवाई अंतर दीडशे किलोमीटरच्या वर. तरीही अरबी समुद्रातल्या हालचाली इथवर पोहोचतात. 3 जून 2020 रोजी अलिबागजवळ धडकलेलं ‘निसर्ग’ चक्रीवादळ पुणे-नगरच्या बाजूनं नाशिककडे सरकलं होतं. मे 2025 मध्ये कोकण किनाऱ्यालगतच्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे राज्यभर अवकाळी पाऊस झाला आणि 26 मे रोजी तर मॉन्सून मुंबईत दाखलही झाला. म्हणजे सरावाचा हक्काचा उन्हाळाही आता हक्काचा राहिलेला नाही.

इतकी धास्ती कशाची?

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावण्यासाठी 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. सोळाशेत पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे 400 मीटरची प्रत्येक फेरी सुमारे 77 सेकंदांत. इथं दोन-चार सेकंदांवर गुण आणि गुणांवर नोकरी ठरते. जिरायती शेती असलेल्या घरात त्या नोकरीची किंमत काय, हे पारनेरला वेगळं सांगायला नको.

आठवडा बुडाला तर दम जातो का?

जात नाही. महिनोन्महिने कमावलेला दम आठ-दहा दिवसांत फारसा उतरत नाही. लक्षात येण्याजोगी घट साधारण दोन आठवडे पूर्ण विश्रांती घेतल्यावर दिसते. त्यामुळे चार दिवस धावणं बंद ठेवून बाकीचा व्यायाम चालू ठेवला तर नुकसान नगण्य. खरं नुकसान होतं ते चिखलात पाय मुरगळल्यावर, कारण मग सहा-सहा आठवडे घरी बसावं लागतं.

वारा टायमिंग किती खातो?

5 मिनिटं 10 सेकंदांत सोळाशे म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरचा वेग. तेवढाच वारा समोरून आला तर अंगावर येणारी हवा दुप्पट वेगाची होते आणि तिचा विरोध चौपट होतो. परतीच्या बाजूला वारा पाठीशी असला तरी गेलेला सगळा वेळ भरून निघत नाही.

अमेरिकेची धावपटू डेझिरी लिंडेन हिचं उदाहरण बघा. 2011 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये वारा पाठीशी होता. तिनं 2 तास 22 मिनिटं 38 सेकंद अशी वेळ दिली आणि दुसरी आली. 2018 मध्ये त्याच मार्गावर मुसळधार पाऊस आणि समोरून वारा होता. तिला 2 तास 39 मिनिटं 54 सेकंद लागले, पण ती पहिली आली! म्हणून वादळी दिवसात घड्याळ बघू नका. दम किती लागतोय ते बघा.

नुसता पाऊस असेल तर?

विजा नसतील आणि रस्ता डांबरी, कमी रहदारीचा असेल तर जरूर धावा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला आपला शेजारी अविनाश साबळे यानं 29 मे 2025 रोजी दक्षिण कोरियातल्या गुमी इथं भर पावसात आशियाई स्पर्धेचं स्टीपलचेस सुवर्ण जिंकलं. मात्र वेग कमी ठेवा, वळणावर जपून जा आणि घरी आल्यावर ओले कपडे-मोजे लगेच बदला.

कधी धावायचंच नाही?

वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली किंवा पत्र्याच्या उघड्या शेडखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळच्या विजांची सूचना देतं. मॉन्सूनपूर्व विजा बहुधा दुपारनंतर कडाडतात, त्यामुळे सराव पहाटेच उरका.

घरात काय करायचं?

सूर्यनमस्कार, जोर-बैठका, दोरीवरच्या उड्या, प्लँक. ओट्यावर किंवा व्हरांड्यात गोळाफेकीची पोझिशन घोटा. लेखी परीक्षेचा अभ्यासही याच आठवड्यात पुढे सरकतो.

आणि सरकारनं काय करायचं?

सगळी जबाबदारी पोरांवर टाकून चालणार नाही. जून 2024 मध्ये 17 हजारांहून अधिक पदांच्या भरतीची मैदानी चाचणी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली. पावसामुळे चाचणी झाली नाही तर पुढची तारीख मिळेल, असं तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं, हे बरं झालं. पण चाचणी रद्द झाली नाही आणि मैदान मात्र ओलं राहिलं, तर? सोमवारी कोरड्यावर धावलेला आणि मंगळवारी चिखलात धावलेला उमेदवार एकाच गुणवत्ता यादीत येतात. मैदान कोणत्या अवस्थेत असेल तर चाचणी थांबवायची, हा नियम जाहिरातीतच लिहिलेला हवा.

गावपातळीवरचा उपाय तर बिनखर्चाचा आहे. पावसाच्या आठवड्यात ग्रामपंचायतीनं पहाटे दोन तास शाळेचा व्हरांडा किंवा मंदिराचा सभामंडप भरतीच्या पोरांसाठी उघडून द्यावा. आषाढीनंतर मंगल कार्यालयंही रिकामीच असतात.

धावण्याचा एक दिवस चुकला तर तो पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. विजेच्या कडकडाटात मैदानावर उभं राहून वर्दी मिळत नाही.