मुरलेली दारू

शीर्षक वाचून आशेने आलेल्या मंडळींची आधीच क्षमा मागतो. ही प्यायची दारू नव्हे, बंदुकीची आहे. आणि ती मुरत नाही, एवढंच आज सांगायचंय. जरा तावातावाने सांगणार आहे, कारण गेल्या पंधरवड्यात या एकाच विषयावर मी दोन माणसांशी भांडलो. एक इथला, एक आपल्याकडचा.

आधी इथला. ब्रॅकनेलला आमच्या मागच्या गल्लीत एक आजोबा राहायचे. इथून अर्ध्या तासावर बिस्ली आहे, तिथे १८९० पासून नेमबाजीची मोठी रेंज आहे. आजोबा आयुष्यभर तिथे जात. वापरलेली पितळी काडतुसं घरी आणायची, नवी टोपी बसवायची, तराजूवर तोलून दारू भरायची आणि वर गोळी दाबायची. परवाना असलेल्या माणसाला इथे हे कायद्याने करता येतं. आजोबा गेले. आजींनी बागेतली शेड आवरायला काढली, तर फळीवर दारूचे पाच डबे. त्यातल्या दोघांवरच्या चिठ्ठ्या गळून गेलेल्या. मी इंजिनियर, म्हणून मला बोलावणं आलं. (इंजिनियर म्हणजे वॉशिंग मशीनपासून स्फोटकांपर्यंत सगळं कळणारा प्राणी, हा समज जगभर सारखाच आहे बरं का!)

मी पोचलो तेव्हा त्यांचा जावई डब्यात नाक घालून उभा होता. तोही नेमबाज. म्हणाला, "वास एकदम छान आहे. तीस वर्षं इथेच आहेत, काही झालं नाही. वाया कशाला घालवायचं?"

आता बघा, या तीन वाक्यांत तीन चुका आहेत.

आजची बंदुकीची दारू म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोज. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हे बनवतात. काही प्रकारांत सोबत नायट्रोग्लिसरीनही असतं. हा पदार्थ तयार झाल्या दिवसापासून हळूहळू तुटत असतो. डबा उघडा अगर उघडू नका. तुटताना नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, ओलाव्याशी त्यांचं आम्ल होतं आणि ते आम्ल उरलेल्या दारूला आणखी जोरात तोडतं. म्हणून कारखान्यात त्यात एखाद्या टक्क्याच्या आसपास डायफिनाइलअमाइनसारखं स्थिरक घालतात. सुटलेली ऑक्साइडं ते गिळत राहतं. जोवर ते शिल्लक आहे तोवर दारू शहाण्यासारखी वागते. संपलं, की आतली उष्णता साठत जाते आणि मोठ्या ढिगात ती आपण होऊन पेटू शकते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही.

म्हणजे प्रश्न "दारू पेटते का?" हा नाहीच. खराब झालेलीही पेटते. प्रश्न आहे स्थिरक किती उरलंय हा. आणि ते नाकाला कळत नाही. आंबट, नाकात झोंबणारा वास आला, झाकणाच्या आत गंज दिसला, दाण्यांवर विटकरी धूळ दिसली, तांबूस धूर दिसला, तर दारू गेली हे नक्की. पण यातलं काही दिसलं नाही म्हणून दारू चांगली, हे कुठून आलं? ताप नाही म्हणजे आजार नाही, असं कुठला डॉक्टर म्हणतो? जावईबापूंनी नेमकी हीच उलटी उडी मारली होती.

दुसरं, ती तीस वर्षं. वर्षं मोजून काय कळतं? रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, आणि या पदार्थात त्याहूनही जास्त वाढतो. थंड तळघरातली तीस वर्षं आणि पत्र्याच्या छपराखालची तीस वर्षं ही एकच गोष्ट नाही. आजोबांच्या शेडला पत्राच होता, आणि जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला होता. चिठ्ठी उडालेल्या डब्यांचं तर बोलायलाच नको. आत कुठली दारू आहे तेच माहीत नसेल तर काडतुसात किती घालायची? प्रमाण चुकलं की बंदुकीची नळी चेहऱ्याजवळ फुटते.

तिसरं, "वाया कशाला". हे मात्र मला आपलंसं वाटलं. माझी आई श्रीखंडाचे रिकामे डबेसुद्धा टाकत नाही. पण ज्या डब्याच्या किमतीत दोघांचं बरं जेवण होतं, त्यासाठी डोळे पणाला लावायचे?

आता आपल्याकडचा. माझा मामेभाऊ देवळीला असतो. तिथून पुलगाव जवळच. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला आग लागली, ती सगळ्या जिल्ह्याने ऐकली. दोन अधिकाऱ्यांसह एकोणीस माणसं गेली, त्यात आग विझवायला आत शिरलेले भांडाराचे अग्निशमन जवान बरेच होते. फोनवर हे डब्यांचं पुराण सांगितलं, तर भाऊ म्हणाला, "दादा, दारूगोळाच तो. कधीतरी फुटणारच. ज्याचं त्याचं नशीब."

इथे माझं डोकं सटकलं. पुलगावला पेटले ते रणगाडाविरोधी सुरुंग. त्यांत टीएनटी होतं, बंदुकीची दारू नव्हे, हे मान्य. पण त्या सुरुंगांतून टीएनटी झिरपत होतं, हे नंतर समोर आलं. झिरपणं नशिबाने होत नाही. ते दिसतं, नोंदवता येतं, आणि मग कुणीतरी "हा माल इथून हलवा" असं वेळेत म्हणायचं असतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच पुलगावजवळ, सोनेगाव आबाजीच्या माळावर, जुना दारूगोळा नष्ट करायला नेताना स्फोट झाला. सहा माणसं गेली, त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. जुन्या मालाचा निकाल लावायचं काम शेवटी रोजंदारीवाल्याच्या डोक्यावर, हे कुठल्या नशिबात लिहिलेलं असतं?

आणि हा फक्त आपला रोग आहे, असंही कुणी समजू नये. फ्रेंचांनी १८८४ साली धूर न करणारी दारू पहिल्यांदा काढली, आणि तिनेच त्यांच्या युद्धनौका बंदरात उभ्या असताना उडाल्या. तूलाँला १९०७ साली 'येना', १९११ साली 'लिबेर्ते'. दुसऱ्या स्फोटात सुमारे ३०० माणसं मेली. ९ जुलै १९१७ ला स्कापा फ्लोमध्ये ब्रिटिशांची 'व्हॅनगार्ड' गेली, ८४३ जणांसह. कारण पक्कं कळलं नाही, पण बिघडलेल्या कॉर्डाइटवरचा संशय आजही आहे. सायप्रसने तर कमाल केली. जप्त केलेल्या दारूगोळ्याचे ९८ कंटेनर २००९ पासून उघड्यावर, उन्हात ठेवले. एक कंटेनर फुगला, तरी निर्णय झाला नाही. ११ जुलै २०११ ला तेरा माणसं आणि शेजारचं वीजकेंद्र गेलं.

तपासायची रीत नाही म्हणावं, तर तीही जुनी आहे. फ्रेडरिक एबल नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच एक परीक्षा काढली: नमुना गरम करायचा आणि पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चच्या कागदावर डाग पडायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. गंमत म्हणजे मर्क्युरिक क्लोराइड मिसळलं की खराब मालही या परीक्षेत पास व्हायचा. कॉपीचा इतिहास असा जुना आहे! आता नमुन्यातलं स्थिरक थेट मोजता येतं. आपल्या पुण्यात सुतारवाडीला स्फोटकांवर काम करणारी डीआरडीओची अख्खी प्रयोगशाळा आहे. ज्ञान कमी पडत नाही हो. कोठाराचं तापमान रोज लिहिणारा आणि ते लिहिलेलं वाचणारा माणूस कमी पडतो. नुसती तारीख बघून माल ठेवणं किंवा काढणं म्हणजे पंचांग बघणं झालं. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे युरोपातल्या कोठाराचे हिशेब जसेच्या तसे कसे चालतील?

भाऊ म्हणाला, "तू तिकडे बसून बोलतोस." खरंय. बोलतो.

असो. आजींना म्हटलं, कचऱ्यात नको, मोरीत नको, जावयाला तर नकोच. १०१ वर पोलिसांना फोन लावून दिला. दोन दिवसांनी माणसं आली, कसलाही गाजावाजा न करता डबे घेऊन गेली. एका बिनचिठ्ठीच्या डब्याचं झाकण आतून तांबडं झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

डबे मात्र चारच गेले. पाचवा जावयाने मी यायच्या आधीच गाडीत ठेवला होता, असं आजी नंतर म्हणाल्या. त्याला निरोप ठेवलाय. "शनिवारी बघतो," असं उत्तर आलंय.