बांगड्या फोडणारा हात कोणाचा?

देव आहे कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. ज्यास तो दिसतो त्यानें खुशाल हात जोडावे. ज्यास दिसत नाहीं त्यानें लोकलाजेस्तव मान डोलवूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे. आम्ही खेड्यांतले शाळामास्तर. आमचे वडील दर अमावास्येस बांधावरच्या म्हसोबापुढें नारळ फोडीत. आम्हांस त्यांत कधीं वावगें दिसलें नाहीं. नारळ त्यांच्या पैशाचा, श्रद्धा त्यांच्या मनाची, आणि खोबरें गल्लींतल्या पोरांस मिळे. परंतु वडील गेले त्या दिवशीं धर्माच्या नांवानें आमच्या दारांत आणखी कांहीं फोडलें गेलें. त्याचा हिशेब वाचकांपुढें मांडल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

हकीकत अशी. तिरडी बांधण्याचें काम चाललें असतां भावकींतल्या चार बायका आईस मध्यें घेऊन बसल्या. तिच्या कपाळीं मोठें कुंकू लाविलें, केसांत फुलें माळलीं, हातांत हिरवा चुडा भरला. मग सर्वांच्या देखत तें कुंकू पुसलें, मंगळसूत्र तोडलें, बांगड्या दगडावर आपटल्या, जोडवीं ओढून काढलीं. कांच मनगटांत शिरून रक्त आलें. आम्ही त्या वेळीं कोठें होतों? दहा हातांवर उभे होतों. ट्रेनिंग कॉलेजांत शिकलेले, वर्गांत दरसाल घसा ताणून फुल्यांचा धडा शिकविणारे, ११ एप्रिलला जयंतीचें भाषण करणारे आम्ही, तोंडांतून चकार शब्द न काढतां पाहत राहिलों. पुढें तेराव्यास गांवजेवण घातलें, तेंही कर्ज काढून. पंक्ती उठल्या, वाहवा झाली, आणि दोन वर्षें आमच्या पगारांतून हप्ते जात राहिले.

वर्षश्राद्ध झाल्यावर आम्हीं तालुक्याहून बांगड्यांचा डबा आणून आईपुढें ठेविला. मोठ्या सुधारकाच्या थाटांत ठेविला. ती डब्याकडे न पाहतां म्हणाली, “आता कशाला रं? त्या दिशी तू हितंच उभा हुतास. तवा का न्हाई बोललास?”

तो डबा अजून फडताळांत आहे.

बांधवहो, आईच्या बांगड्या फोडणारा हात कोणाचा? आमच्या जुन्या संवयीप्रमाणें भटजींचा म्हणावा, तर त्या वेळीं भटजी दारांत आलेलेच नव्हते. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत जोतीराव फुल्यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला, तो देव आणि माणूस यांच्यामधला दलाल उठविण्यासाठीं. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत त्यांनीं कुणब्याच्या जन्मापासून मरणापर्यंतचे विधी घेऊन प्रत्येकांत त्याच्या पदरची गांठ कशी सुटते तें दाखविलें. त्या असुडाचे वळ आम्ही अभिमानानें मिरवितों. पण दलाल उठला आणि त्याची गादी भावकीनें बळकाविली, हें मात्र आमच्या ध्यानांत आलें नाहीं. आज आमच्या घरांत विधवेस विधवा करावयास कोणी परका येत नाहीं. तें काम आमचें आम्हीच करतों.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या शेतकरी व कारागीर जातींत पूर्वीं पाट लावण्याची चाल होती. तरण्या विधवेनें दुसरा संसार मांडला म्हणून जात बुडत नसे. पुढें गांठीं चार पैसे आले, कुलीन म्हणवून घेण्याची हौस लागली, आणि आम्हीं वरच्यांची विद्या घेण्याआधीं त्यांचीं बंधनें घेतलीं. त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं तीं पुढें टाकून दिलीं. आम्ही मात्र तीं वाडवडिलांचा ठेवा म्हणून जपत बसलों आहोंत!

१८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हावी बांधव एकत्र जमले आणि विधवेच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाहीं असें त्यांनीं ठरविलें. कायदा होण्याची वाट त्यांनीं पाहिली नाहीं. शास्त्राचा अर्थ विचारावयास ते कोणाकडे गेले नाहींत. त्यांनीं एवढेंच पाहिलें कीं वस्तरा आपल्या हातांत आहे, आणि मजुरी बुडाली तरी तो खालीं ठेवणें आपल्या हातचें आहे. त्या बांधवांपाशीं ट्रेनिंग कॉलेजाचें सर्टिफिकेट नव्हतें. आमच्यापाशीं तें आहे.

आमच्या मतें कोणत्याही आचाराची परीक्षा दोन प्रश्नांनीं करावी. त्याची किंमत कोण देतो? आणि तो न करण्याची त्यास मोकळीक आहे काय? वडिलांच्या नारळाची किंमत वडील देत, आणि एखादे अमावास्येस ते शेतांत गेले नाहींत तर कोणी त्यांस जाब विचारीत नसे. आईच्या बांगड्यांची किंमत आईनें दिली, आणि तिला कोणी विचारलें नाहीं. पहिली गोष्ट श्रद्धा आहे. तिच्यावर हात टाकण्याचा अधिकार कोणास नाहीं. दुसरी श्रद्धा नव्हे. ती जबरी आहे, आणि ती देवाच्या नांवावर खपविली जाते म्हणून देवभक्तानेंच तिचा अधिक राग मानिला पाहिजे.

कोणी म्हणतील, बायकाच बायकांचें हें करतात, पुरुषांनीं मध्यें कां पडावें? आमच्या आईभोवतीं बसलेल्या चौघींपैकीं तिघी स्वतः विधवा होत्या. आपण सोसलें तें व्यर्थ होतें असें मानणें मनुष्यास फार जड जातें. म्हणून जिनें सोसलें तीच पुढें होते. तिला दोष देऊन आम्हांस सुटतां येणार नाहीं. प्रेत केव्हां उचलावयाचें, पाणी कोणीं द्यावयाचें, पंक्ती किती उठवावयाच्या, हें सारें पुरुषच ठरवितात. त्यांतल्या एकानें “थांबा” म्हटलें असतें तर तो दगड खालीं राहिला असता. दुसरे म्हणतील, धर्म बुडेल. त्यांस आमचा सवाल आहे: बायको मेली म्हणजे नवऱ्याच्या अंगावरचें काय उतरतें? कांहीं नाहीं. वर्ष भरण्याआधीं त्यास स्थळें सांगून येऊं लागतात, आणि त्यानें धर्म बुडाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

हें बोलणें सोपें, करणार कोण, असें विचारणारांनीं कोल्हापूर जिल्ह्याकडे पाहावें. मे २०२२ मध्यें, राजर्षि शाहू महाराजांच्या निधनास शंभर वर्षें पूर्ण होत असतां, शिरोळ तालुक्यांतील हेरवाड गांवानें ग्रामसभेंत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणें, मंगळसूत्र तोडणें, बांगड्या फोडणें, जोडवीं काढणें, हें गांवांत व्हावयाचें नाहीं असें ठरलें. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीं हा कित्ता गिरवावा असें सांगितलें. पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचींतही या प्रथेचें नांव नाहीं. म्हणजे हें काम फौजदार येऊन करणार नाहीं. तें गांवानेंच केलें पाहिजे.

गांवानें काय करावें, याविषयीं आमच्या सूचना अशा आहेत. ठराव करून तो कपाटांत ठेवूं नये. ज्या घरांत मृत्यु झाला तेथें त्याच दिवशीं जाऊन बसतील अशा चार बायका व दोन पुरुष यांचीं नांवें ठरावांतच घालावीं; कारण दुःखानें मोडलेली बाई त्या क्षणीं स्वतःसाठीं भांडूं शकत नाहीं. तेराव्याचें जेवण घरच्या व बाहेरगांवच्या पाहुण्यांपुरतें असावें. श्रीमंतानें आधीं तसें करावें, म्हणजे गरिबास लाज वाटणार नाहीं. आणि त्या तेरा दिवसांत पंक्तीच्या याद्या करण्याऐवजीं वारसाच्या नोंदीचे कागद गोळा करावे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवा ही मुलांच्या बरोबरीची वारस आहे. तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे वर्दी देऊन सातबाऱ्यावर तिचें नांव लावून घ्यावें. आज होतें असें कीं, पंक्तीस जेवून गेलेलेच पुढें हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा मागावयास येतात! दारिद्र्यरेषेखालील घरांतला अठरा ते एकोणसाठ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेंतून एकदांच २०,००० रुपये मिळतात. निराधार विधवेस संजय गांधी योजनेचें वेतन मिळूं शकतें. हे अर्ज कोणी भरावयाचे? आम्ही शिक्षकांनीं भरावे. शाळेंत ३ जानेवारीस सावित्रीबाईंची जयंती होते, त्या दिवशीं गांवांतल्या सर्व बायांस बोलवावें आणि हळदीकुंकू देतां कोणासही वगळूं नये. जिला नको असेल तिनें नको म्हणावें. पण तें तिनें म्हणावें, दुसऱ्यानें तिच्यासाठीं नव्हे.

आम्हांस उपदेश करण्याचा अधिकार किती, हें वर सांगितलेल्या हकीकतींत आलेंच आहे. म्हणून आधीं घरचें सांगतों. आमच्या पश्चात् आमच्या कुटुंबाच्या अंगावरचा एकही दागिना तिच्या इच्छेविरुद्ध कोणीं उतरवूं नये व गांवजेवण घालूं नये, असें आम्हीं कागदावर लिहून, सही करून, मुलाच्या व भावाच्या स्वाधीन केलें आहे. भाऊ कुरकुरला. मुलानें दोनदां वाचून घडी घातली. आई जवळच बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं, पण तिनें तो कागद मागून घेतला आणि शिक्षण नसतांही बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

ज्या गांवांत असा ठराव होऊन पाळला जात असेल तेथील बंधुभगिनींनीं आपला अनुभव या पत्राकडे लिहून पाठवावा. जेथें ठराव झाला पण मोडला, तेथील हकीकत तर अवश्य पाठवावी. कारण तो कोणत्या घरांत व कोणाच्या भीतीनें मोडला, हें कळल्यावांचून पुढचें काम होणार नाहीं.