शेजारच्या विहिरीला पाणी, आपल्या का नाही?



एका बांधाच्या अलीकडे-पलीकडे दोन विहिरी. भर मे महिन्यात एकीवर मोटार दोन तास चालते, दुसरीत घागर बुडत नाही. खोली सारखी, पाऊस तोच. लोक म्हणतात, नशीब! असेलही, पण आधी खडकाकडे पाहावे.

आपल्या राज्याचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरला आणि निवताना आकसला, त्याच्या या फटी. अखंड कातळ पाणी पीत नाही. पाणी साठते आणि चालते ते फटींतून, दोन थरांच्या सांध्यातून, वरच्या मुरमातून. अशा फुटलेल्या खडकातदेखील १०० घागरींच्या जागेतून पाणी मिळते जेमतेम १ ते ३ घागरी.

खरी गोम पुढेच आहे. फटी किती, यापेक्षा त्या एकमेकींना मिळाल्या आहेत का, हे महत्त्वाचे. शेताशेतात पायवाटा आहेत, पण एकही गाडीरस्त्याला मिळत नाही. मग ऊस कारखान्यावर जायचा कसा? तुटक फटीचे तसेच. बोअरला कारंजे उडते, पेढे वाटले जातात, आणि पंधरवड्यात मोटार हवा ओढू लागते. आमच्या चुलत्यांनी अशाच कारंज्याच्या भरवशावर मोसंबीची कलमे लावली होती. दोन वर्षांनी ती सरपणाला गेली. कर्ज मात्र राहिले.

उलट फटी मिळालेल्या असल्या, तर तुमच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर उतरते आणि बांधावर नसलेले भांडण उभे राहते.

म्हणून बोअरसाठी कर्ज काढण्याआधी एक करा. शेजाऱ्याची मोटार चालू असताना आपल्या विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडून पातळी मोजा. आपली मोटार बंद असूनही पाणी उतरत गेले, तर बहुधा फट एकच. तिथे नवा बोअर म्हणजे त्याच रांजणाला दुसरी तोटी.

बोअर लागलाच, तर पहिल्या दिवसाच्या धारेवर पाईपलाईन टाकू नका. चार-सहा दिवस रोज ठरावीक तास मोटार चालवा. धार किती वेळ टिकली, बंद केल्यावर पाणी किती वेळात वर आले, हे वहीत लिहा. रोज उशीर वाढत असेल, तर मागून भर नाही असे समजा. ही मोजणी एप्रिल-मेमध्येच करावी. श्रावणात वरच्या मुरमातले पाणी उतरत असते, खालच्या फटींचा अंदाज येत नाही.