‘नाही’ लिहा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा!



मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचे म्हणून ओळखीचे एक काका खात्याचे स्टेटमेंट न्यायला आमच्या काउंटरवर आले. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांना अटक झाली होती, जमावबंदी मोडल्याचा दंडही भरला होता. व्हिसाच्या अर्जात प्रश्न होता, कधी अटक वा शिक्षा झाली आहे काय? एजंट म्हणाला, ‘नाही’ लिहा, इतके जुने कोण बघतो! आणि आपल्याच दोन कार्यकर्त्यांनी माना डोलावल्या.

ज्या अटकेबद्दल आपण दरवर्षी हार घालतो, ती अर्जात लपवायची? लाज राहू द्या, यात धोकाही आहे. अमेरिका नुसती अटकसुद्धा विचारते, माफी मिळाली असली तरी. तिथला कायदा अडवतो तो प्रामुख्याने नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांना, आणि निव्वळ राजकीय गुन्हा त्यातून वगळलेला आहे. पण व्हिसासाठी जाणूनबुजून खोटे लिहिले, तर बंदी आयुष्यभराची! म्हणजे दंडाने जे बिघडले नसते, ते एजंटच्या एका ‘नाही’ने बिघडायचे. नातवाचे तोंड फोटोतच बघायचे.

आपला १९६७ चा पासपोर्ट कायदाही लोक समजतात तसा नाही. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे वा अधिक शिक्षा, तीही अर्जाआधीच्या पाच वर्षांत झालेली, असेल तरच ती आड येते. खरा घोळ चालू खटल्याचा. त्यासाठी न्यायालयाची परवानगी आणावी लागते, आणि परवानगीत मुदत लिहिलेली नसेल तर १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे पासपोर्ट मिळतो एका वर्षाचा. येळ्ळूरच्या फलकावरून २०१४ मध्ये ज्यांच्यावर खटले झाले, त्यांनी तारखांवर किती वर्षे घातली हे गावाला विचारा. आखातातली नोकरी तारखा संपेपर्यंत थांबत नाही. निकाल काहीही लागो, शिक्षा आधीच भोगून होते.

सरकारवर आमचा राग आहेच, तो नवा नाही. पण आपल्या पुढाऱ्यांवरही आहे. मोर्चाला पोरे नेताना गाड्यांची यादी असते. कुणावर कोणता खटला, नंबर काय, निकाल कधी लागला, ही यादी कुणाकडे आहे? बँकेत एक जुने व्हाउचर सापडले नाही तर आम्हाला मेमो मिळतो. इथे माणसांच्या आयुष्याचे कागद हरवले तरी कुणी विचारत नाही.

काकांनी ‘होय’ लिहिले. निकालाची नक्कल मिळवायला आम्ही त्यांच्याबरोबर कोर्टात चार फेऱ्या मारल्या. नक्कल मिळाली ती कन्नडमध्ये! मग इंग्रजी भाषांतर, त्यावर सही-शिक्का. सारा खर्च काकांच्या पेन्शनमधून. हा खर्च संघटनेने द्यावा आणि प्रत्येक शाखेने अशा नकलांची फाईल ठेवावी, हा विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये नको, पहिल्या पानावर.