बिल्डची बडबड थांबवा, पण वॉर्निंग गिळू नका

कोड लिहिणारे एआय असिस्टंट आता बिल्डही स्वतःच चालवतात. टर्मिनलवर आलेली प्रत्येक ओळ त्यांना वाचावी लागते आणि तिचे टोकन मोजले जातात. त्यामुळे 'आउटपुट कमी करा' ही जुनी मागणी पुन्हा जोर धरते आहे. मागणी रास्तच आहे. मला काळजी वाटते ती कमी करण्याच्या पद्धतीची.

एवढी बडबड येते कुठून? 'मेक' प्रत्येक फाइलसाठी कम्पायलरला दिलेली अख्खी कमांड छापतं. त्यात ढीगभर फ्लॅग आणि हेडरचे लांबलचक पाथ. हजारभर फाइली असल्या की त्या गर्दीत एखादी वॉर्निंग कुठे गेली ते कळतही नाही.

लिनक्स कर्नलची पद्धत मला अजूनही सगळ्यात शहाणपणाची वाटते. तिथे एका फाइलमागे एकच छोटी ओळ दिसते: 'सीसी' आणि फाइलचं नाव. वॉर्निंगला मात्र हात लावलेला नाही, त्यामुळे ती आली की लगेच नजरेत भरते. पूर्ण कमांड बघायची असेल तर 'मेक व्ही=१'. ऑटोमेकनेही २००९ मध्ये १.११ आवृत्तीत असेच 'सायलेंट रूल्स' आणले.

घाईतला उपाय वेगळा असतो. स्मॉल 'डब्ल्यू'चा फ्लॅग दिला की जीसीसी सगळ्याच वॉर्निंग बंद करतो. न वापरलेल्या व्हेरिएबलची कटकट जाते, पण किंमत न देताच वापरलेल्या व्हेरिएबलची सूचनाही जाते. पहिलीने काही बिघडत नाही. दुसरी म्हणजे अधूनमधून कोसळणारा प्रोग्राम.

डेबियनचा आग्रह तर उलटाच आहे: पॅकेजचा बिल्ड-लॉग सविस्तर हवा. कारण सुरक्षेचे फ्लॅग, उदाहरणार्थ स्टॅक प्रोटेक्टर, खरंच लागले का, हे 'बीएलएचसी' नावाचं टूल लॉगमधल्या कमांड वाचूनच तपासतं. नुसत्या 'सीसी'वरून त्याला काय कळणार?

मग मधला मार्ग? बघा, मेक आपल्या कमांड स्टँडर्ड आउटपुटवर छापतं आणि जीसीसी वॉर्निंग स्टँडर्ड एररवर. म्हणून 'मेक व्ही=१ > बिल्ड.लॉग' असं चालवलं की सगळ्या कमांड फाइलीत जातात आणि पडद्यावर जवळपास वॉर्निंगच उरतात. असिस्टंटलाही तेवढंच द्यावं. निंजा वापरत असाल तर मात्र ही युक्ती चालायची नाही, तो दोन्ही प्रवाह एकत्र करूनच छापतो.